माणसं हो का म्हणतात

एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला प्रकल्पासाठी विषय निवडायचे होते. सरांनी फळ्यावर विषय लिहिले. कापसाचं उत्पादन, पावसाची सरासरी, कारखान्यातल्या खराब मालाचं प्रमाण, असे नेहमीचेच. सगळ्यात शेवटी, खडू संपत आला होता म्हणून की काय, अगदी बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं : ‘विनंती केल्यावर माणसं हो का म्हणतात.’ वर्गात हसू पसरलं. संख्याशास्त्राच्या वर्गात हे कुठलं आलं, असं सगळ्यांना वाटलं. मी हात वर केला. माझ्या मागच्या बाकांवरून आणखी एक हात वर गेला होता, हे मला कळलं ते सर “ठीक आहे, मग तुम्ही दोघी मिळून करा” म्हणाले तेव्हा.

मला तो विषय हवा होता, कारण मी त्या वर्गात बसले होते तीच मुळी एका विनंतीमुळं.

आमचं गाव सोयगावच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याचं. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. दिवाळी झाली की बापू मेंढरं घेऊन बाहेर पडायचे ते पाऊस पडायच्या सुमाराला परत यायचे. मी बी. एस्सी. केली तीच आमच्या भावकीत नवलाची गोष्ट होती. पुढं शिकायला औरंगाबादला जायचं म्हणजे (तेव्हा शहराचं तेच नाव होतं) घरात कुणी ऐकूनही घेतलं नसतं. माझा मोठा भाऊ तेव्हा वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागला होता आणि बजाजनगरात एक खोली घेऊन राहत होता. तो सुट्टीला आला आणि जेवता जेवता बापूंना म्हणाला, “बापू, खानावळीचं खाऊन पार पोट बिघडलंय माझं. हिला धाडा माझ्यासंगं. दोन घास रांधून तरी घालील. जाता-येता कॉलेजबी करील.”

 बापू आईकडं बघून म्हणाले, “पोराच्या पोटाचं व्हत असंल तर जाऊ दे.”

बजाजनगरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत मी पहिल्या संध्याकाळी स्टोव्हपुढं बसले, तर भावानं माझ्या हातातली परात काढून घेतली. म्हणाला, “तू पुस्तक काढ. म्या काय तुला सैपाकाला आणलंय व्हय?” ती दोन वर्षं, पहिली पाळी असो की दुसरी, भाकऱ्या त्यानंच थापल्या. जाड व्हायच्या, कडेला फाटायच्या. त्या खाऊन मी शिकले. बापूंनी हो म्हणावं म्हणून त्यानं स्वतःचं पोट पुढं केलं होतं. त्यामुळं माणसं हो का म्हणतात, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नव्हता.

माझी जोडीदारीण शहरातलीच होती. बौद्ध घरातली. वडील गवंडी, सिडकोच्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांनी उचललेल्या. आम्ही एका वर्गात वर्षभर होतो, पण ‘पेन आहे का’ यापलीकडं बोललो नव्हतो. ते दिवसच तसे होते. विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचा ठराव होऊन एक तप उलटलं होतं आणि नाव काही बदललं नव्हतं. ठरावानंतर मराठवाड्यात खेडोपाडी दलितांची घरं जळाली होती. आमच्या वर्गात त्यावर कुणी बोलायचं नाही, पण कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलावर कोण बसतं हे बघितलं की कळायचं. ती लहानपणी आईचं बोट धरून नामांतराच्या मोर्च्यात गेली होती. हे तिनंच मला सांगितलं, पहिल्याच दिवशी, शहर बसमध्ये, मी विचारलेलं नसताना. “आधीच सांगून ठेवलेलं बरं,” म्हणाली. “नंतर तुला कुणाकडून कळायला नको.”

सरांनी आम्हाला एक अट घातली होती. विनंती खरी पाहिजे. खोटंखोटं विचारून लोकांची परीक्षा घ्यायची नाही. त्या वर्षी साक्षरतेचे वर्ग सगळीकडं सुरू होत होते. बजाजनगरात अंगणवाडीच्या खोलीत दुपारी बायकांचा वर्ग सुरू करायचा, आणि ‘वर्गाला या’ हीच आमची विनंती, असं ठरलं. कामगारांच्या बायका नुकत्याच गावाकडून आलेल्या होत्या. एकेका खोलीत नवा संसार, नवरे पाळीवर, शेजारीण कुठल्या गावची हेही माहीत नाही. विचारायला दारं भरपूर होती.

विचारायच्या तीन तऱ्हा आम्ही ठरवल्या. पहिली सरळ : दुपारी वर्गाला या. दुसरी कारण देऊन : या, म्हणजे बसची पाटी आणि रेशनकार्ड तुम्हाला वाचता येईल. तिसरी मर्जीची : आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी चालेल, तुमची मर्जी. कुठल्या दारात कोणती तऱ्हा आणि दोघींपैकी कुणी बोलायचं, हे चिठ्ठी काढून ठरायचं. आपल्या मनानं ठरवलं की माणूस सोप्या दारात गोड बोलतो आणि अवघड दार टाळतो, असं सर म्हणायचे. ते खरंच होतं. एखाद्या दारात तोंड आंबट करून बसलेली सासू दिसली की माझा हात आपोआप ‘पुढच्या खोलीत जाऊ’ म्हणून वळायचा. तेव्हा माझी जोडीदारीण चिठ्ठी माझ्यापुढं धरायची आणि म्हणायची, “चिठ्ठीला सासू दिसत नाही.”

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ती आम्ही तऱ्हांमध्ये धरलेली नव्हती. दार उघडलं की बायका आधी विचारायच्या, “कुणाच्या गं तुमी? आडनाव काय?” मी आडनाव सांगितलं की चेहऱ्यावर काही फरक पडायचा नाही. कुणी म्हणायचं, “आमच्या गावाकडं हायेत तुमचे लोक, मेंढरंवाले.” ती आडनाव सांगायची आणि दारातली बाई अर्धं पाऊल मागं जायची. सगळ्याच नाही, पण पुष्कळ. काही जणी मग माझ्याकडं बघून उत्तर द्यायच्या, प्रश्न तिनं विचारलेला असला तरी.

एक दिवस हातपंपावर चूळ भरताना मी तिला म्हणाले, “तू नुसतं नाव सांगत जा ना. आडनाव कशाला?”

“तू सांगतेस?”

“हो.”

“मग?” तिनं तोंड पुसलं. “आणि आकडे खोटे होतील ते वेगळंच.”

त्या संध्याकाळी तिनं तक्त्यात आणखी एक रकाना आखला : विचारणारी कोण. तो बघून सरांनी तक्ता स्वतःकडं ओढून घेतला. ते तसे भित्रे वाटतील इतके शांत गृहस्थ होते. विभागात कुणाशी वाद नाही, राजकारणावर शब्द नाही. म्हणाले, “हा रकाना नको. वातावरण बरं नाही. कुणीतरी उचलून वर्तमानपत्रात देईल, आणि त्रास तुम्हा दोघींना होईल.”

ती म्हणाली, “सर, ठेवू या ना.”

तिनं एवढंच म्हटलं. कारण दिलं नाही, वादही घातला नाही. सर म्हणाले उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं, तक्ता परत दिला आणि म्हणाले, “ठेवा. मी रात्रभर विचार केला. काढला तर आपलं उत्तरच चुकेल.” त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि त्यांतला सगळ्यात मोठा हा.

दोन दारं मला नीट आठवतात. एक आमच्या घरमालकीणबाईंचं. त्या खालच्या मोठ्या घरात राहायच्या आणि वरच्या पत्र्याच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या. तिथं विचारायची पाळी माझी होती. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, “अगं येईन की! कामून न्हाय येनार? शिकलेल्या पोरी दारी येऊन बोलावतात, म्हंजे भाग्यच की आमचं.” आम्हाला चिवडा दिला. दुसरं दार आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं. तिथली बाई वैजापूरकडची, बरी जमीन असलेल्या शेतकरी घरातली. नवरा कंपनीत. कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. तिथं विचारायचं होतं माझ्या जोडीदारणीनं आणि चिठ्ठी आली मर्जीची.

“मावशी, दुपारी वर्गाला आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी चालेल. तुमची मर्जी.”

“माझी मर्जी?”

“हो.”

“मंग नाय.” आणि दार लागलं.

आम्ही गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत हसू दाबलं आणि मग पोट धरून हसलो. मला वाटतं, आमची मैत्री त्या दारापुढं झाली.

वर्ग सुरू झाला. कोण येतं ते आम्ही रोज टिपत होतो. सहामाही परीक्षेच्या आधी सरांच्या खोलीत बसून तक्ते जुळवले. कारण सांगितलं की हो म्हणणाऱ्या बायका वाढत होत्या, हे स्वच्छ दिसत होतं. पण हो म्हणणं आणि येणं यांत मोठी दरी होती. मर्जीवर सोडलेल्या बायकांनी हो कमी म्हटलं होतं, पण म्हटलेलं पाळलं होतं. आणि विचारणारी कोण, त्या रकान्यात जे दिसलं त्यानं आम्ही दोघी चकित झालो. तिला नकार माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळाले होते. ते अपेक्षित होतं. पण ज्यांनी तिला हो म्हटलं त्या बहुतेक सगळ्या वर्गात येऊन बसल्या होत्या. मला हो म्हणणाऱ्या निम्म्या जणी आमच्या मालकीणबाईंसारख्या होत्या. फिरकल्याच नाहीत.

मला एकदम आनंद झाला. मी म्हणाले, “सर, म्हणजे ती माझ्यापेक्षा चांगलं विचारते!”

सरांनी चष्मा काढला. “तसं सिद्ध होत नाही. नीट बघा. तुम्हाला कोणीही हो म्हणू शकतं, त्यात काही जात नाही. हिला हो म्हणायच्या आधी त्या बाईला दारातच एक गोष्ट ठरवावी लागते. तिथं गळती होऊन जाते. जी मागं उरते ती पक्की उरते. हा विचारण्याचा गुण नाही, हा गाळणीचा परिणाम आहे.”

ती तक्त्याकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, “म्हणजे मला भेटतात ती माणसं मुळातच बरी असतात.”

सर म्हणाले, “हो. संख्याशास्त्राच्या भाषेत तेच.”

त्यानंतर काही दिवसांनी एक ‘बंद’ पुकारला गेला. नामांतराच्या बाजूनं आणि विरुद्ध, दोन्हीकडून मोर्चे निघत होते आणि शहरात केव्हाही दुकानं बंद व्हायची. त्या दिवशी माझी जोडीदारीण सकाळीच बजाजनगरात आली होती. दुपारी वर्ग अर्ध्यावर असताना कुणीतरी सांगत आलं की शहरात दगडफेक झाली, शहर बस बंद. मोठ्या रस्त्यावर टायर जळत होतं, त्याचा वास अंगणवाडीपर्यंत येत होता. बायका लेकरं उचलून घरोघर गेल्या. माझा भाऊ पाळीवर होता. तिला शहरात परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला आमच्या खोलीवर घेऊन निघाले.

मालकीणबाई फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं आणि फाटक धरून ठेवलं.

“तू जा वर. पन हिला आज नको बाई. मालक घरी न्हाईत. गल्लीतली मान्सं बगत्यात. उद्या माझ्या दारावर दगड पडला तर?”

“काकू, ती कुठं जाईल?”

“तेच तर. पन माझं ऐक.” त्यांचे डोळे भरून आले होते. त्या खरंच घाबरल्या होत्या.

ती फाटकाबाहेरून म्हणाली, “तू थांब इथं. मी चौकीपाशी जाऊन बसते.” आणि ती चालायलाही लागली. मी फाटक ढकलून बाहेर आले. आम्ही दोघी त्या रिकाम्या गल्लीतून चालत होतो. सगळी दारं आतून लावलेली. जिथं जिथं चिठ्ठ्या काढून आम्ही विचारलं होतं तीच दारं. आता खरोखरीचं विचारायचं होतं, तर कुठलं दार वाजवावं हे मला सुचेना.

कोपऱ्यावरचं दार उघडं होतं. ती वैजापूरची बाई उंबऱ्यावर उभी राहून रस्त्याच्या धुराकडं बघत होती.

“कुटं चालल्या गं? दगडं पडायलेत तिकडं.”

मी म्हणाले, “मावशी, माझा भाऊ येईपर्यंत बसू द्याल का आम्हाला? हिला घरी जाता येत नाही.”

तिनं माझ्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं. हिचं आडनाव तिनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. “या की मंग,” म्हणाली. “उन्हात काय उभं ऱ्हायचं?” आम्ही आत गेल्यावर तिनं दाराला कडी घातली आणि वर खाट आडवी लावली.

चहा टाकला. एकच खोली होती, त्यामुळं ती काय करते ते सगळं दिसत होतं. फळीवर स्टीलचे कप ओळीनं मांडलेले. तिनं त्यांतले दोन घेतले. मग क्षणभर थांबली आणि खालच्या कोपऱ्यातून कान तुटलेला चिनी मातीचा एक कप काढला. स्टीलचा एक माझ्यापुढं ठेवला, एक स्वतःला घेतला. चिनी मातीचा हिच्यापुढं.

मी खाली बघत बसले.  तेवढ्यात माझ्या जोडीदारणीचा आवाज आला. चढलेला नाही, रडवेला नाही. दुकानात वही मागावी तसा साधा.

“मावशी, मला पण हिच्यासारखाच कप द्या ना.”

बाहेर कुणीतरी पळत गेलं. त्या बाईचा हात स्वतःच्या कपाशी तसाच थांबला.  मग ती उठली, फळीवरचा स्टीलचा कप काढला, पदरानं आतून पुसला, चहा त्यात ओतला आणि तिच्या हातात दिला. जमिनीवर ठेवला नाही, हातात दिला. तुटका कप खिडकीतून मागच्या उकिरड्यावर टाकला आणि म्हणाली, “टाकून द्यायचाच व्हता तो. कवापास्नं मनात व्हतं.”

“गोड झालाय चहा,” माझी जोडीदारीण म्हणाली.

“आमच्याकडं गोडच लागतो,” मावशी म्हणाली. आणि तिनं विचारलं की हिची आई आता काळजीत असेल, निरोप कसा पाठवायचा.

अंधार पडायच्या सुमाराला भाऊ सायकलवर आम्हाला शोधत आला. मालकीणबाईंनीच त्याला आम्ही कुठं गेलो ते सांगितलं होतं. त्या खिडकीतून बघत राहिल्या होत्या. त्यानं कंपनीच्या फाटकावरून फोन करून हिच्या घराजवळच्या किराणा दुकानात निरोप ठेवला. त्या रात्री आम्ही दोघी मावशीच्याच खोलीत झोपलो. तिचा नवरा रात्रपाळीला होता. पिठलं-भाकरी झाली, ताटं तिघींची एकाच फळीवरली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं कामगारांना शहरात सोडायला निघालेल्या बसच्या ड्रायव्हरला विचारलं, “आमच्या बहिणीला नेता का?” ड्रायव्हर म्हणाला, “बसव पुढं.” भावानं ‘आमच्या बहिणीला’ म्हटलं, ते ऐकून ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

निघायच्या आधी मी मावशीला विचारलं होतं. राहवलं नाही म्हणून. “मावशी, वर्गाला बोलवायला आलो तेव्हा तुम्ही दार लावून घेतलं. आणि काल मात्र घरात घेतलंत.”

“तवा तुमी माझ्या भल्याचं सांगत व्हत्या,” ती अंगण झाडता झाडता म्हणाली. “माझ्या भल्याचं लई जन सांगतात. काल तुमची नड व्हती.”

मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, “एका घरावरून नियम होत नाही. पण प्रश्न चांगला मिळाला. तपासून बघा.” मग आम्ही नव्या गल्ल्या घेतल्या, नव्या चिठ्ठ्या केल्या आणि त्यांत एक नवी तऱ्हा घातली : आम्हाला तुमची मदत पाहिजे. वर्ग सुरू केलाय पण बायका जमत नाहीत, आम्ही दोघीच पडतो. तुम्ही येऊन बसलात तर आम्हाला आधार होईल. हे खोटंही नव्हतं. वर्ग बंद पडायच्या बेतातच आला होता.

बायका आल्या. कारण सांगून बोलावलेल्यांपेक्षा जास्त आल्या, आणि दोघींच्या बोलावण्यावर आल्या. तिच्या आणि माझ्या आकड्यांतलं अंतर मिटलं नाही, पण या तऱ्हेत ते बरंच कमी झालं होतं. सरांनी तीन वेळा गणित तपासायला लावलं. कोणी सगळ्यांसाठी चटणी वाटून आणायचं, कोणी सतरंजी. एक जण तर दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला म्हणूनच यायची. कोपऱ्यावरची मावशीही आली. रोज दाराशी बसायची, मांडीवर सूप घेऊन डाळ निवडायची, उशिरा येणाऱ्यांना दरडावायची. पाटीला तिनं शेवटपर्यंत हात लावला नाही.

“सर, ही आली म्हणून धरायची का?” आम्ही विचारलं.

सर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. “आपला प्रश्न आली का, एवढाच होता. धरा.”

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी सगळं बारकाईनं वाचलं होतं. विचारणारी कोण, या प्रकरणावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे सामाजिक प्रकरण झालं. याची इथं गरज काय?” ती उत्तर द्यायला लागली, तेवढ्यात सर खुर्चीतून पुढं झुकले. नियमानं त्यांनी बोलायचं नसतं. ते म्हणाले, “माझ्या सांगण्यावरून ठेवलंय. ते काढलं तर बाकीचे सगळे निष्कर्ष चुकतात. गणित करून बघा.” परीक्षकांनी खरंच कागद ओढला आणि गणित करून बघितलं. मग मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. बाहेर आल्यावर सर नळावर जाऊन दोन पेले पाणी प्यायले.

मला वाळूजलाच एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायच्या विभागात नोकरी लागली. प्रेसवर कितवा भाग वाकडा निघतो, हे मोजायचं काम. तिथं मी बरीच वर्षं होते. बापू एकदा खोलीवर राहायला आले तेव्हा भावाला भाकरी थापताना त्यांनी बघितलं.  जेवण झाल्यावर मला म्हणाले, “तुजा भाऊ लबाड हाय.” आणि हसले. मालकीणबाई त्या दिवसाबद्दल कधी बोलल्या नाहीत. पण भावाला कावीळ झाली तेव्हा महिनाभर त्यांनी स्वतःच्या घरून पथ्याचं जेवण वर पाठवलं. माझ्या जोडीदारणीला जिन्यात गाठून त्यांनी एकदा हळदीकुंकवाला बोलावलं. ती गेली. मीही त्या बाईंना मनातून कधी उतरवलं नाही. भीती वाटणं म्हणजे काय, हे त्या दिवशी मलाही कळलं होतं.

पुढं एका संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणाले. जुनं नाव तसंच ठेवून त्याला नवं जोडलं. त्याही वेळी शहरात पोलीस उभे होते, त्याही वेळी लोक दोन्ही बाजूंनी दुखावलेले होते. तिनं त्यानंतर पीएच. डी.ला नाव घातलं. विषय होता नकार : माणसं नाही का म्हणतात. “तुझ्या वाट्याचं काम झालं,” मला म्हणाली, “आता माझ्या वाट्याचं करते.” नोकरी, लग्न, दोन मुलं यांतून वाट काढत तिनं ते पुरं केलं. आमचे सर तोवर निवृत्त झाले होते. मार्गदर्शक दुसरे होते, पण मांडणी ती सरांच्याच घरी जाऊन तपासून घ्यायची.

पदवीदानाच्या दिवशी मी रजा टाकून गेले. ती झगा घालून आपल्या ओळीत बसली होती, मी तिच्या आईजवळ मागं. आई थकली होती. मोर्च्यांत चाललेले पाय आता जिना चढताना दुखत होते. कार्यक्रम झाल्यावर बाहेर पिंपळाच्या सावलीत तिनं आईच्या हातात पदवीचा कागद दिला आणि फोटोसाठी कुणीतरी तिला हाक मारून नेलं. आईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद उलटा धरला आहे की सुलटा हे मला विचारून घेतलं. मग म्हणाली, “बाई, वर विद्यापीठाचं नाव लिहिलं असंल ना, ते वाच.”

मी वाचलं. सगळं नाव, सुरुवातीपासून.

“आनखी एकदा वाच,” ती म्हणाली.

मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.